सोरेंतोचे दिवस कसे लावायचे: निघण्याआधीची तयारी

इटलीत नेपल्सजवळच्या सोरेंतोत पाच-सहा दिवस मिळणार असतील तर हॉटेलच्या आधी एक कोरा कागद घ्या आणि त्यावर मुक्कामाचे वार लिहा. नेपल्सचं पुरातत्त्व संग्रहालय मंगळवारी बंद असतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी पोंपेईत, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेत गाडलेल्या रोमन गावात, प्रवेश फुकट असतो, म्हणून त्या दिवशी तिथं पाऊल टाकायला जागा नसते. इटलीत रेल्वे आणि बसचे संप आधी जाहीर होतात आणि बरेचदा शुक्रवारी पडतात, तेव्हा ‘शोपेरो’ हा शब्द स्टेशनवरच्या फलकावर ओळखता यायला हवा. आता त्याच कागदावर दोन रकाने करा. पोंपेई आणि व्हेसुव्हियस ज्वालामुखीची तिकिटं तारीख-वेळेची असतात, ते बांधलेले दिवस. काप्री बेटाची आणि आमाल्फी किनाऱ्याची बोट वाऱ्यावर अवलंबून असते, ते मोकळे दिवस. दोन बांधलेल्या दिवसांच्या मध्ये एक मोकळा ठेवला की समुद्र बिघडला तरी सहल बिघडत नाही. बहुतेकांचं गणित इथंच चुकतं. काप्री शेवटच्या दिवशी ठेवतात आणि नेमका त्याच दिवशी वारा उठतो.

महिना निवडताना मेचा उत्तरार्ध, जून किंवा सप्टेंबर धरा. मेमध्ये समुद्र अजून थंड असतो, सप्टेंबरात उन्हाळाभर तापलेलं पाणी असतं. पोहणं हाच हेतू असेल तर सप्टेंबरच घ्या. १५ ऑगस्टच्या आसपास अख्खा इटली सुट्टीवर असतो, तो आठवडा टाळा. नोव्हेंबरनंतर किनाऱ्यावरच्या बोटी आणि बरीच हॉटेलं बंद होतात.

कागदपत्रांचं काम लवकर काढा. इटलीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि निघण्याच्या किमान १५ दिवस आधी तो द्यावाच लागतो. उन्हाळ्याच्या हंगामात मुंबईतल्या केंद्रावर वेळ मिळायलाच आठवडे लागतात, म्हणून दोन-तीन महिने हाताशी ठेवा. पासपोर्ट १० वर्षांच्या आत काढलेला, परतीच्या तारखेनंतर आणखी किमान ३ महिने चालणारा आणि दोन कोरी पानं असलेला हवा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत लागू असलेला घ्या. पोंपेईची तिकिटं नावानिशी असतात, तेव्हा पासपोर्टवर जसं नाव आहे तसंच तिथं लिहा आणि फाटकावर दाखवायला ओळखपत्र जवळ ठेवा.

सोरेंतो समुद्राला लागून असलं तरी समुद्राच्या पातळीवर नाही. ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या खडकाच्या उभ्या कड्यावर गाव आहे आणि पाणी खाली. वर पियाझ्झा तास्सो हा मुख्य चौक, तिथून रेल्वे स्टेशन पाच मिनिटांवर. बोटी सुटतात त्या मरीना पिक्कोला धक्क्यावर पायऱ्या उतरून, छोट्या बसनं किंवा व्हिल्ला कोमुनाले बागेतल्या लिफ्टनं जाता येतं. लिफ्टला पैसे पडतात, पण आजी-आजोबा बरोबर असतील तर ते वाचवू नका. हॉटेल निवडताना ‘समुद्रदर्शन’ हा शब्द पाहण्यापेक्षा चौकापासून किती चढ आहे ते विचारा. मोठी सूटकेस दगडी गल्ल्यांत आणि खच्चून भरलेल्या लोकल गाडीत फार छळते, माणशी एक मध्यम बॅग पुरे. नगरपालिकेचा पर्यटक कर माणशी, रात्रीगणिक असतो. तो खोलीच्या भाड्यात सहसा धरलेला नसतो आणि अनेक ठिकाणी रोखच मागतात.

वाळूचा लांब किनारा डोळ्यांपुढे असेल तर तो आत्ताच काढून टाका. इथं पाण्यात रोवलेल्या लाकडी फळ्यांच्या धक्क्यांवर छत्र्या आणि आरामखुर्च्या भाड्यानं मिळतात, तिथून शिडीनं सरळ खोल पाण्यात उतरायचं. पोहता न येणाऱ्यांनी आणि लहान मुलांनी शेजारच्या मेता गावाचा काळसर वाळूचा किनारा गाठावा, लोकलनं काही मिनिटांचा रस्ता आहे. चांगलं पोहणाऱ्यांसाठी कापो दि सोरेंतोला ‘बान्यी देल्ला रेजिना जोवान्ना’ आहे. रोमन वाड्याचे अवशेष आणि त्यांच्या पायथ्याशी खडकाच्या कमानीतून समुद्राला जोडलेलं नैसर्गिक कुंड. बसच्या थांब्यापासून दहा-पंधरा मिनिटं उतार आहे. खाली दुकान नाही, सावली जेमतेम, म्हणून पाणी आणि खाणं बरोबर न्या. रबरी तळाचे पाण्यातले बूट घ्याच. खडकांना काळ्या काट्यांचे गोळे, म्हणजे सी-अर्चिन हे जीव, चिकटलेले असतात, काटा पायात मोडला की पुढचे दोन दिवस चालणं कठीण. जेलीफिश लागली तर चोळू नका, गोडं पाणी ओतू नका. समुद्राच्याच पाण्यानं धुवा.

कोकणातल्या माणसाला समुद्रावर जाताना भरती-ओहोटी पाहायची सवय असते. इथं तिचा उपयोग नाही, कारण भूमध्य समुद्रात पाणी जेमतेम फूट-दीड फूट वरखाली होतं. पाहायचा तो वारा. वायव्येचा माएस्त्राले आणि नैऋत्येचा लिबेच्चो ही दोन नावं लक्षात ठेवण्यासारखी. ते जोर धरू लागले की आधी लहान जलद बोटी रद्द होतात, मोठी जहाजं त्यानंतरही काही वेळ चालू राहतात. म्हणून काप्रीचं तिकीट आठवडाभर आधी काढू नका. आदल्या संध्याकाळी वाऱ्याचा अंदाज पाहा, शांत दिसला की लगेच पहिल्या-दुसऱ्या बोटीचं काढा. मुक्कामातला पहिला शांत दिवस काप्रीला द्यायचा, हा नियम पाळा.

बोट २०-२५ मिनिटांत काप्रीच्या मरीना ग्रांदे धक्क्याला लागते. ९ च्या आत पोचलात तर वर जाणाऱ्या फ्युनिक्युलरच्या, म्हणजे दोरानं ओढल्या जाणाऱ्या रेल्वेच्या, रांगेत न शिरता थेट आनाकाप्रीची छोटी बस धरा. तिथून एका माणसाच्या खुर्च्यांची झुलती वाट, म्हणजे चेअरलिफ्ट, १३ मिनिटांत ५८९ मीटर उंच मोन्ते सोलारोवर नेते. खुर्ची चालतीच असते, तिच्यात पटकन बसायचं, पिशवी मांडीवर, आणि सैल चपला काढून हातात. सकाळी वरून फारालिओनी सुळके स्वच्छ दिसतात, दुपारी अनेकदा धुरकट होतं. खाली येऊन मग काप्री गाव, ऑगस्टसची बाग आणि पायात जोर असेल तर व्हिल्ला योव्हिस हा सम्राट टायबेरियसचा वाडा. त्यानं आयुष्याची शेवटची दहाएक वर्षं याच बेटावरून साम्राज्य चालवलं. तिथपर्यंत पाऊण तास चढ आहे आणि गर्दी सगळी खालीच राहते. आमच्या मते काप्रीवरचं सर्वांत मोलाचं ठिकाण हेच.

निळी गुहा, म्हणजे ग्रोत्ता अझुर्रा, हिच्याबद्दल आधीच स्पष्ट असावं. तोंड जेमतेम मीटरभर उंच आहे. वल्ह्याच्या छोट्या होडीत पाठीवर आडवं होऊन आत जायचं, आत पाचएक मिनिटं. थोडी लाट असली तरी गुहा बंद. प्रकाश दुपारी १२ ते २ च्या सुमारास सर्वांत चांगला, तेव्हाच रांगही सर्वांत मोठी. धक्क्यापासून गुहेपर्यंतची बोट वेगळी आणि होडी व प्रवेश वेगळा, असे दोनदा पैसे पडतात. आनाकाप्रीहून बसनं गुहेपर्यंत गेलात तर पहिला खर्च वाचतो. कंबर किंवा पाठ दुखणाऱ्यांनी त्या वाकण्याचा विचार करून ठरवावं. परतीची बोट शेवटची न घेता त्याच्या आधीची घ्या. बेटावर एकदाच वापरायच्या प्लास्टिकला बंदी आहे, स्टीलची बाटली न्या.

पोंपेईला लोकल गाडीनं, म्हणजे चिर्कुमव्हेसुव्हियानानं जायचं. सोरेंतो हे शेवटचं स्टेशन असल्यामुळे सकाळी बसायला जागा मिळते, परतताना उभं राहायची तयारी ठेवा. पाकीट पुढच्या खिशात. अर्ध्या तासानं ‘पोंपेई स्कावी, व्हिल्ला देई मिस्तेरी’ इथं उतरा. नुसतं ‘पोंपेई’ नाव असलेलं मुख्य रेल्वेचं स्टेशन दुसऱ्याच मार्गावर आहे आणि नकाशावर बोट ठेवताना लोक तेच निवडतात. दिवसाला २०,००० माणसांची मर्यादा आहे, म्हणून तिकीट आधी काढा. ३० × ३० × १५ सेंटीमीटरपेक्षा मोठी पिशवी आत नेता येत नाही.

आत सावली नाही. रस्ते मोठ्या काळ्या दगडांचे, गाड्यांच्या चाकोऱ्या पडलेले. पातळ तळाच्या सँडलनं तासाभरात पाय भरून येतात, बूटच घाला. रस्त्यांवर पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत, बाटली भरत राहा. पोर्ता मरीनानं शिरून आधी फोरम हा मुख्य चौक, मग व्हेत्ती बंधूंचं घर, स्ताबियन स्नानगृह, नाट्यगृहं आणि व्हिया देल्लाब्बोन्दान्झा या हमरस्त्यानं पूर्वेला अँफिथिएटर, असं चार तासांत होतं. मिस्तेरी वाड्याची लाल भित्तिचित्रं वेशीबाहेर आहेत, त्यांच्यासाठी आणखी तासभर धरा. सगळं पाहायचा हट्ट करू नका. थकलेल्या डोळ्यांना शेवटची दहा घरं सारखीच दिसतात.

मराठी प्रवाशानं या हमरस्त्यावर एक गोष्ट ध्यानात ठेवून चालावं. १९३८ साली पुरातत्त्वज्ञ आमेदेओ मायुरी यांच्या उत्खननात इथल्याच एका घरात भारतीय बनावटीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, सुमारे २५ सेंटीमीटर उंचीची. लक्ष्मी म्हणून ती प्रसिद्ध झाली, आज अनेक अभ्यासक तिला यक्षी मानतात. धाराशिव जिल्ह्यातल्या तेर आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदन इथं याच घडणीच्या हस्तिदंती मूर्ती मिळाल्या आहेत. तेर म्हणजे पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या सागरी व्यापारावरच्या ग्रीक पुस्तकात येणारं तगर, जिथला माल गाड्यांवरून भडोचला जाई. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसची राख पडण्याआधीच दख्खनच्या धाटणीची ही कारागिरी या गावात पोचली होती. मूर्ती आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे, म्हणून पोंपेईनंतर नेपल्सचा दिवस ठेवाच. लोकलनं गारिबाल्दी, तिथून मेट्रोच्या १ क्रमांकाच्या मार्गानं म्युझिओ. ती ‘गुप्त कक्षा’च्या संग्रहात आहे. तिथं कामुक चित्रं-शिल्पंही आहेत, मुलं बरोबर असतील तर माहीत असावं. दालनं आळीपाळीनं बंद असतात, तिकीट खिडकीवर आधी विचारून घ्या.

व्हेसुव्हियसला अर्धा दिवस पुरतो. तिकीट आधी ऑनलाइन काढलेलंच लागतं, आणि वर मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून ते उतरवून ठेवा. बस १,००० मीटरपर्यंत नेते, पुढे सुट्या ज्वालामुखी खड्यांची वीस-तीस मिनिटांची चढण. वर वारा बोचरा असतो, खाली घाम येत असला तरी जाकीट घ्या. ढग उतरले तर विवर दिसत नाही आणि पैसे परत मिळत नाहीत.

आमाल्फी किनाऱ्यावर गाडी भाड्यानं घेऊन जाऊ नका. रस्ता अरुंद, पार्किंग महाग, आणि हंगामात नंबर प्लेटच्या सम-विषम आकड्यांप्रमाणे बंदी असते. सीता कंपनीची बस सोरेंतो स्टेशनबाहेरून सुटते. तिकीट आदल्या दिवशी ताबाकीतून, म्हणजे सिगारेट-तिकिटांच्या दुकानातून घ्या, दिवसभराचा पास सहसा परवडतो. जाताना उजव्या बाजूला बसा, समुद्र तिकडेच. वळणं फार आहेत. गाडी लागणाऱ्यांनी पुढच्या रांगेत बसावं आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी वेळेत घ्यावी. पोझितानोला पाऊण-एक तास, आमाल्फीला पावणेदोन तासांच्या आसपास. आधी थेट आमाल्फी गाठा. कारण परतीची बस आमाल्फीलाच भरते आणि पोझितानोच्या थांब्यावरून न थांबता निघून जाते, तिथं उन्हात दोन-दोन तास उभं राहावं लागतं. आमाल्फीचं कॅथेड्रल पाहून बसनं वर राव्हेल्लो, मग बोटीनं पोझितानो आणि तिथून बोटीनंच सोरेंतो, हा क्रम उत्तम. शेवटच्या बोटीची वेळ सकाळीच लिहून घ्या. चालणाऱ्यांसाठी ‘देवांची वाट’ आहे. बोमेरानोहून नोचेल्लेकडे साडेसहा किलोमीटर, उलट दिशेनं नको, चढ वाढतो. नोचेल्लेहून पोझितानोला १,७०० च्या आसपास पायऱ्या उतरतात. गुडघे कुरकुरत असतील तर तिथून गावची बस घ्या.

शाकाहारी माणूस इथं उपाशी राहत नाही, पण विचारून खावं लागतं. न्योक्की आल्ला सोरेंतिना म्हणजे बटाट्याचे गोळे, टोमॅटो आणि मोझ्झारेल्ला, हे इथलंच. मरिनारा पिझ्झावर चीजही नसतं. ‘नापोलेताना’ पिझ्झावर मात्र अँचोव्ही मासे असतात, ‘रागू’ म्हणजे मांसाचा रस्सा. फसवणारे पदार्थ वेगळेच आहेत. मिरीवाले ताराल्ली आणि पापुद्र्याची स्फोल्यातेल्ला पारंपरिक कृतीत डुकराच्या चरबीनं करतात, ‘कोन स्त्रुत्तो?’ (चरबी घातली आहे का?) असं विचारा. पार्मेजानो चीजमध्ये दूध घट्ट करायला वासराच्या जठरातलं रेनेट असतं, कडक शाकाहारींनी ‘सेन्झा फोर्माज्जो’, म्हणजे चीजशिवाय, असं सांगावं. स्वयंपाकघरं दुपारी ३ ते ७ बहुधा बंद असतात, म्हणून सहलीवरून परतताना भूक लागेल त्या वेळेसाठी दशम्या-चटणी किंवा खाकरे पिशवीत असू द्या. बिलात ‘कोपेर्तो’ दिसला तर तो बसण्या-पावाचा आकार आहे, चूक नव्हे.

वीज २३० व्होल्टच आहे, पण आपल्या तीन जाड पिनांचा प्लग बसत नाही, अडॅप्टर लागेल. नेहमीची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत. तातडीचा क्रमांक ११२. लिमोन्चेल्लोची बाटली मोठ्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून द्यावी लागते, हातातल्या बॅगेतून ती काढून घेतली जाते. नेपल्स विमानतळाची बस सोरेंतोहून साधारण सव्वा तासाची, तिची जागा आदल्या दिवशी ठरवा आणि विमानाच्या वेळेआधी चार तास निघा. लोकलचा संप असला तर तिचे सगळे प्रवासी त्याच एका रस्त्यावर येतात.