डॅझल जहाज रंगवायचं असेल तर

चित्रकला शिकवताना मी तीस वर्षं मुलांना एकच सांगत आले, आकार नीट कळू दे. डॅझल जहाजाचं, म्हणजे शत्रूची नजर फसवायला पट्ट्यापट्ट्यांनी रंगवलेल्या जहाजाचं, बरोबर उलटं.

पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, जर्मन पाणबुड्या ब्रिटिश मालवाहू जहाजं बुडवत होत्या. तेव्हा नॉर्मन विल्किन्सन या चित्रकाराने ओळखलं, की धूर ओकणारं जहाज लपवता येणार नाही. पण फसवता येईल. पाणतीर सोडताना नेम जहाज पुढे जिथे पोचणार तिथे धरतात. त्यासाठी त्याची दिशा, वेग आणि अंतर ताडावं लागतं. पट्टे असे हवेत, की हे ताडणंच चुकेल.

माझं लाकडी जहाज १:३५० मापाचं, ३४ सेंमी लांब. आधी राखाडी अस्तर द्या आणि दोन दिवस हात लावू नका. पहिल्या जहाजाला मी जुलैच्या दमट हवेत घाई केली; टेप काढताना रंग सालपटासारखा निघून आला.

पट्टे पेन्सिलने आखा. सगळी मेहनत नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकाशी घ्या, कारण दिशा तिथूनच कळते. गडद तिरका पट्टा टोकाच्या अलीकडेच तोडा, पुढचा भाग फिकट ठेवा. पट्टा कठड्याशी थांबवू नका, तसाच वरच्या केबिनवर चढवा. डावी-उजवी बाजू सारखी रंगवलीत तर सगळं फुकट. काळा, पांढरा, निळा, हिरवा, राखाडी एवढे रंग पुरतात. चकाकणारे मात्र नकोत.

आमच्या नाशिकमध्ये मी रविवार कारंजावरून आणते तशी साधी मास्किंग टेप आणा. नखाने कड दाबा आणि कडेवरून आधी खालचाच रंग एकदा फिरवा. ज्या फटीत काळा झिरपणार, तिथे राखाडी आधीच जाऊन बसतो. वाळला की मग काळा. टेप उलटी दुमडून, सावकाश ओढा. रेघ सुरीने कापल्यासारखी येते, आणि ती पाहताना मला अजूनही हरखायला होतं.

आता परीक्षा. लंडनच्या रॉयल अकॅडमीत अशी छोटी जहाजं रंगवणाऱ्यांत चित्रकला शिकणाऱ्या कितीतरी मुली होत्या. जहाज फिरत्या चकतीवर ठेवून पेरिस्कोपमधून बघायचे आणि मगच तो नमुना खऱ्या जहाजावर जायचा. त्या मुलींबद्दल मला फार माया वाटते. मी केकची फिरती थाळी घेते. पुठ्ठ्याच्या नळीत दोन आरसे ४५ अंशांत बसवले की पेरिस्कोप तयार. कॉलेज रोडवरच्या आमच्या गच्चीत सहा मीटर लांब बसायचं. या मापात ते समुद्रावरचे २,१०० मीटर होतात. पेरिस्कोपचा वरचा आरसा जहाजाच्या पातळीत हवा, वरून पाहिलं तर कुणीही ओळखेल.

थाळी दुसऱ्याने फिरवावी. बघणाऱ्याने दहा आकडे मोजेपर्यंत पाहायचं आणि जहाजाचं तोंड कुठे आहे ते हाताने दाखवायचं. बरोबर दाखवलं, तर नाळेचा पट्टा पुन्हा आखा. मी तीनदा आखला. चौथ्या वेळी जहाजाचं तोंड पांडवलेण्यांकडे होतं, आणि भाचीने बेधडक सातपूरकडे हात केला.