प्रदर्शनासाठी डीएनएचं मॉडेल: उघडणारं आणि दुप्पट होणारं

मुंबईत भुलेश्वर किंवा क्रॉफर्ड मार्केटमधून अ‍ॅल्युमिनियमची जाड तार, चार रंगांच्या स्ट्रॉ आणि बटणाएवढी चुंबकं आणा. 1 नॅनोमीटरला 5 सेंटिमीटर असं माप धरा. मग रुंदी 10 सेंटिमीटर, एका वेढ्याची उंची 17 आणि त्यात साधारण 10 पायऱ्या (समोरासमोरच्या स्ट्रॉच्या जोड्या) येतात. एका वेढ्याला प्रत्येक बाजूची 36 सेंटिमीटर तार लागते.

चार रंगांच्या स्ट्रॉ म्हणजे डीएनएची चार अक्षरं (बेस): ए, टी, जी आणि सी. ए आणि जी 6 सेंटिमीटर कापा, टी आणि सी 4. ए समोर टी, जी समोर सी, म्हणजे रुंदी कुठेच बदलत नाही. ए-जीला चुंबकाची एक बाजू बाहेर ठेवा, टी-सीला दुसरी; नाहीतर जोड्या एकमेकींना ढकलतात.

बहुतेक मॉडेलं इथे चुकतात: समोरची तार डावीकडून उजवीकडे वर चढायला हवी. उलट चढली तर तो डावखुरा डीएनए झाला. दोन्ही तारांच्या दिशाही विरुद्ध हव्यात. डीएनएच्या साखळीच्या दोन टोकांना 3 प्राइम आणि 5 प्राइम म्हणतात. एकीच्या वरच्या टोकाला 3 प्राइम लिहा, दुसरीच्या 5 प्राइम.

आता डीएनए दुप्पट कसा होतो ते दाखवायला वरून जोड्या सोडवा. पेशीत हे हेलिकेज या एन्झाइमचं काम. प्रत्येक नव्या तुकड्याची सुरुवात आरएनए प्रायमरने (आरएनएच्या छोट्या तुकड्याने) होते, त्यासाठी लाल दोरा बांधा. पॉलिमरेज, म्हणजे नवी साखळी बांधणारं एन्झाइम, ती फक्त 5 प्राइमकडून 3 प्राइमकडे जोडत जातं. म्हणून वर 3 प्राइम असलेल्या तारेसमोर नवी साखळी सलग खाली उतरते. दुसरीसमोर मात्र छोटे तुकडे (ओकाझाकी तुकडे) उलट दिशेने, एकेक करून बसवावे लागतात. शेवटी लाल दोरे काढा, मोकळ्या जागी स्ट्रॉ भरा आणि तुकडे सांधणाऱ्या लायगेज एन्झाइमच्या नावाने टेप लावा.