खुराड्याखालून मुंगूस शिरतंय? जाळी बाहेर आडवी अंथरा

दार कितीही घट्ट लावा, मुंगूस खुराड्याच्या कडेची माती उकरून आत शिरतंच, तेही भरदिवसा.

१. अर्धा इंची भोकांच्या वेल्डमेशची (जोड वेल्ड केलेल्या कडक तारेच्या जाळीची) दोन फूट रुंद पट्टी घ्या. षटकोनी कोंबडीजाळी नको, ती फाटते.
२. एक फूट भिंतीला उभी बांधा, उरलेली बाहेरच्या अंगाला जमिनीवर आडवी पसरा.
३. वर माती आणि जांभ्याचे तुकडे.

मुंगूस भिंतीला चिकटूनच उकरतं. नखांना तार लागली की मागे सरून उकरायचं त्याला सहसा सुचत नाही. आमच्या जाळीवर नुसते ओरखडे दिसतात, पिल्लं शाबूत! दाराखालची फटही बुजवा.

विष किंवा फासा मात्र कधीच लावू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार तो गुन्हा आहे, आणि विषाने घरचं कुत्रंही जातं.