गोठ्यातलं वेबकॉमिक: बोलणारी जनावरं पडद्यावर कशी आणावीत

पैठणला रेड्याच्या मुखातून वेद वदवल्याची कथा ज्या मुलखात घरोघरी ठाऊक आहे, तिथं बोलणारं जनावर वाचकाला पटवून द्यावं लागत नाही. आणि म्हणूनच बैल नुसता बोलला, एवढ्यावर इथं कुणी हसत नाही. तो बैल असल्यामुळं काय बोलला, यावर सगळं अवलंबून असतं.

नव्या वेबकॉमिकांत, म्हणजे इंटरनेटवर टाकायच्या चित्रकथांत, पहिली चूक इथंच होते. माणसांचा विनोद लिहायचा आणि माणसाच्या जागी शेळी काढायची. तपासायला एक सोपी कसोटी आहे. शेळी पुसून तिथं एखादा काका काढून बघा. विनोद तसाच चालला तर ती पट्टी, म्हणजे चौकटींत मांडलेला तो छोटा प्रसंग, फेकून द्या. शेळीचा विनोद शेळीशिवाय कोसळलाच पाहिजे.

पात्रं

सुरुवातीला दोन पात्रं पुरेत, फार तर तीन. प्रत्येकासाठी चार उत्तरं लिहून काढा: ते काय खातं, कशाला भितं, दिवसभर कुठं असतं आणि मालकाशी त्याचा हिशोब काय. चौथ्या उत्तरातून सगळ्यात जास्त विनोद निघतो. बैलाला काम आहे पण वर्षातून एकदा पोळा आहे. शेळीला काम नाही, पण पुढं काय होणार याची धास्ती आहे. म्हशीला दूध असेस्तोवर मान आहे. कुत्र्याला वाटतं की आख्खं शेत आपणच राखतो. रोही, म्हणजे नीलगाय, तर रातच्याला येऊन तूर खाऊन जाणारा, मालकाच्या वहीत न बसणारा प्राणी. ही पाच नाती मांडली तरी वर्षभराचा माल होतो.

जात निवडताना चित्र काढायचा खर्चही धरा, कारण तेच अंग शेकडो वेळा काढायचं आहे. लातूरकडच्या देवणी जातीच्या बैलांत तीन प्रकार आहेत. शेवऱ्याच्या पांढऱ्या अंगावर आडवेतिडवे काळे ठिपके असतात, आणि ते प्रत्येक चौकटीत त्याच जागी बसवता बसवता जीव जातो. बालंक्याचे ठिपके अंगाच्या खालच्या भागात असतात. वानेरा अंगानं पांढरा आणि फक्त तोंडाच्या बाजूंना काळा असतो. कॉमिकसाठी वानेराच घ्यावा. तो लांबूनही ओळखू येतो आणि चेहऱ्याचा काळा भाग डोळ्यांकडं नजर ओढून नेतो. कंधारकडचा लाल कंधारी याहून सोपा आहे, एकच गडद लाल रंग भरला की झालं.

उस्मानाबादी शेळी दिसायला झकास आहे, पण बहुतेक काळी असते. निव्वळ काळा भरला तर डोळे, तोंड, कान सगळं एकाच डागात बुडतं. त्यावर उपाय म्हणजे काळ्याऐवजी गडद करडा तपकिरी भरा, आतल्या रेषा फिकट करड्या ठेवा आणि डोळ्याचा पांढरा भाग खऱ्याहून दीडपट करा. लांब लोंबते कान तर वरदान आहेत. शेळी घाबरली की कान ताठ आडवे, वैतागली की मागं, कट करत असेल तर एक वर एक खाली.

म्हैस आणि गायबगळा ही जोडी सहसा कुणी वापरत नाही, याचं आश्चर्य वाटतं. चरणाऱ्या जनावराच्या पायांनी उडालेले किडे खायला बगळा खरोखरच सोबत फिरतो. त्यामुळं दोघांना एका चौकटीत आणायला निमित्त शोधावं लागत नाही. एक अवजड, एक हलका, आणि बगळ्याला वरून दूरचं दिसतं. बातमी तो आणणार, मत म्हैस देणार.

अंग आणि चेहरा

गावाकडचा वाचक जनावर तुमच्यापेक्षा बारकाईनं बघतो. म्हणून चार गोष्टी चुकू देऊ नका.

बैल, म्हैस, शेळी यांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. वरच्या दातांची बत्तिशी दाखवून हसणारा बैल काढला की चित्र लगेच खोटं पडतं. हसू खालच्या ओठानं, डोळ्यांनी आणि कानांनी दाखवा. शेळीच्या डोळ्यातली बाहुली आडवी, चौकोनी पट्टीसारखी असते. गोल काढली तर ती कुत्र्याची नजर वाटते. बसलेला बैल उठताना आधी मागचे पाय उचलतो, घोडा आधी पुढचे. मागच्या पायाचा मधला सांधा मागं वळतो, कारण तो गुडघा नसून घोट्याच्या जागचा सांधा आहे.

रवंथ ही फुकट मिळालेली अभिनयाची सोय आहे. जबडा आडवा सरकवलेली नुसती एक चौकट टाकली की बैल विचार करतोय हे वाचकाला कळतं.

पहिली पट्टी काढायच्या आधी प्रत्येक पात्राचा एक नमुना कागद करा. समोरून, बाजूनं आणि तिरकं अशी तीन रूपं, सहा भाव, आणि सगळी पात्रं एका रेषेवर शेजारी उभी करून उंची. शेळी बैलाच्या पोटापर्यंत की छातीपर्यंत, हे एकदा ठरलं की बदलायचं नाही. हा कागद नसेल तर दहाव्या पट्टीपर्यंत बैलाची शिंगं दुसऱ्याच बैलाची होतात.

माणसांना जनावरांचं बोलणं ऐकू येतं का, हेही आताच ठरवा. उत्तम नियम असा: जनावरं आपसात बोलतात, मालकाला फक्त हंबरणं ऐकू येतं. मालकाचा चेहरा शक्यतो दाखवूच नका. धोतराचा किंवा पँटचा खालचा भाग, चपला आणि हातातलं दावं एवढं पुरे. गोठ्यातून माणूस तेवढाच दिसतो.

बोली

मराठवाड्याची बोली एक नाही. परभणी-बीडकडं ‘काय करायलास?’ म्हणतात, लातूर-नांदेडकडं ‘काय करूलालास?’ ऐकू येतं. एका गोठ्यात एकच बोली ठेवा. बाहेरगावचं पात्र आलं तर त्याची बोली वेगळी ठेवा, त्यातही गंमत आहे. एका वहीत तुमच्या पात्रांचे पन्नासेक शब्द एकाच लेखनात उतरवून ठेवा: हाय की हे, न्हाई की नाय, कामून की काहून. पट्टीगणिक लेखन बदललं तर वाचक अडखळतो, आणि अडखळलेला वाचक हसत नाही.

कोण कुणाला काय म्हणतं तेही पक्कं करा. म्हातारा बैल ‘आण्णा’, त्याला सगळे अहोजाहो. शेळीला आण्णा ‘ठमे’ म्हणणार, अगंतुगं. नात्याचं हे वजन एकदा बसलं की एखाद्या दिवशी शेळीनं रागात ‘ए आण्णा’ म्हटलं तरी हशा येतो.

आणि एक ठाम मत. बोली हा विनोद नव्हे. शहाणं पात्र पुस्तकी बोलतंय आणि बावळट पात्र गावाकडचं बोलतंय, हा प्रकार पडद्यावर फार झाला, तो पुन्हा करू नये. सगळ्यात चलाख पात्राला सगळ्यात गावरान बोली द्या.

पट्टी लिहिणं

आधी फक्त शब्द लिहा, चित्र नंतर. चार चौकटींचा साचा असा: पहिलीत जागा आणि प्रसंग, दुसरीत त्याला फुगवणं, तिसरी गप्प, चौथीत टोला, म्हणजे हसवणारा शेवट. गप्प चौकट नव्या माणसाला वाया गेल्यासारखी वाटते. पण वाचकाला अंदाज बांधायला तिथंच वेळ मिळतो आणि तो अंदाज चौथ्या चौकटीत मोडायचा असतो.

उदाहरण पोळ्याचं घेऊ. पहिल्या चौकटीत रंगवलेली शिंगं, झूल, गळ्यात हार. ठमी विचारते, ‘आण्णा, आज लई नटलाव की!’ दुसरीत आण्णा: ‘पोळा हाय, ठमे. मालकानं हार घातला, पाया पडला, पुरणपोळी चारली.’ तिसरीत शब्द नाहीत. ठमी हाराकडं बघत एक पाऊल मागं सरकते. चौथीसाठी पहिल्या खर्ड्यात असं येतं: ‘दुसऱ्या दिवशी रस्सा करतेत आमच्यात, ज्याला हार घालतेत त्याचा, म्हणून पळा.’ सगळं सांगितलं आणि काहीच हसू आलं नाही, कारण टोल्याचा शब्द वाक्याच्या सुरुवातीलाच सांडला. दुरुस्त केलेली चौकट: ‘आण्णा, रातीच पळा. आमच्यात हार घातला की दुसऱ्या दिवशी रस्सा.’

मराठीत शब्द हवा तसा मागंपुढं नेता येतो. टोल्याचा शब्द अगदी शेवटी न्या आणि त्यानंतर एक अक्षरही लिहू नका, ‘हा हा’ नाही, स्पष्टीकरण नाही. दुसरं म्हणजे मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘मालकाला आपली लई काळजी हाय असं वाटत’ एवढं एका चौकटीत आणि ‘न्हाई’ पुढच्या चौकटीत, ही युक्ती भाषेनंच हाती दिली आहे. महिन्यातून एकदाच वापरा.

पात्राचं बोलणं ज्यात लिहितात त्या एका फुग्यात १२ शब्दांवर गेलात तर दोन फुगे करा. एका चौकटीत २५ शब्द ही हद्द.

मापं

कागदावर काढणार असाल तर ए-फोरवर १८ बाय १८ सेंटिमीटरचा चौकोन आखा. त्यात ८.७५ सेंटिमीटरच्या चार चौकटी आणि मधे ५ मिलिमीटरची फट बसते. बाहेरच्या रेषेला ०.८ मिलिमीटरचं पेन, चेहऱ्याला ०.३ चं. स्कॅन ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, असं करा. फोननं फोटो काढायचा तर खिडकीजवळ, फोन कागदाला अगदी समांतर. बल्बखाली काढला तर एक कोपरा पिवळा येतो आणि तो पुसत बसावं लागतं.

चित्र काढायला संगणकावर क्रिटा आणि फोनवर आयबिस पेंट, ही दोन्ही अ‍ॅप फुकट वापरता येतात. कॅनव्हास, म्हणजे चित्राचा कोरा चौकोन, २१६० बाय २१६० पिक्सेल घ्या: कडेला ६०, मधे ४०, म्हणजे प्रत्येक चौकट बरोबर १००० पिक्सेलची. टाकताना १०८० वर आणा.

पण चारही चौकटी एका चित्रात टाकल्या की डोळा आधी शेवटच्या चौकटीवर पडतो आणि टोला फुकट जातो. इन्स्टाग्रामवर प्रत्येक चौकट १०८० बाय १३५० चं वेगळं चित्र करून सरकवत वाचायला दिली तर शेवट झाकलेला राहतो. व्हॉट्सअ‍ॅपसाठी मात्र चौकोनच बरा, कारण सुटी चित्रं पुढं पाठवताना एखादं गळतं. दोन्ही बनवायचं हे सुरुवातीलाच ठरवून चौकटींत वर-खाली जागा सोडा.

अक्षरं

इतकी चांगली चित्रं अक्षरांमुळं वाया गेलेली दिसतात की या भागावर जास्त वेळ द्यावा.

१०८० पिक्सेलच्या रुंदीला अक्षराचा आकार ४८ च्या खाली नको. फोनचा पडदा जेमतेम ७ सेंटिमीटर रुंद असतो, त्यावर ४८ पिक्सेल म्हणजे सुमारे ३ मिलिमीटर, आणि त्यातही मात्रा-उकार वगळले तर मूळ अक्षर आणखी लहान. ओळींमधलं अंतर अक्षराच्या आकाराच्या १.४ पट ठेवा. कमी ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो.

फॉन्ट युनिकोडच घ्या, म्हणजे मजकूर कुठल्याही संगणकावर तसाच दिसेल. मुक्त, बालू आणि कलम हे तिन्ही खुल्या परवान्याचे आहेत. बालू जाडजूड आहे, ओरडण्यासाठी उत्तम. कलम हातानं लिहिल्यासारखा आहे, रोजच्या बोलण्याला तोच शोभतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात लिहिलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की नुसता चिखल दिसतो.

फोटोशॉपमध्ये वेलांटी अक्षराच्या पुढं जाऊन बसली किंवा जोडाक्षरं फुटली तर प्रेफरन्सेसमधल्या टाइप विभागात वर्ल्ड-रेडी लेआउट निवडा, मग नवीन मजकूर टाका. काही फॉन्टांत ल आणि श आधी हिंदी वळणाचे येतात, भाषा मराठी निवडली की मराठी वळण येतं. ‘दुसऱ्या’, ‘शेतकऱ्याला’ यातला अर्धा र डोळ्यात तेल घालून तपासा. तो ‘ऱ’ला पाय मोडून मग ‘य’ लिहिल्यानं येतो. दर्या आणि दऱ्या यांत समुद्र आणि डोंगराइतका फरक आहे.

आधी अक्षरं बसवा, त्याभोवती फुगा काढा, मग चित्र. उलट क्रमानं गेलात तर फुगा शिंगांवर बसतो. आधी बोलणारा डावीकडं आणि वर. फुग्याचं शेपूट जनावराच्या तोंडाकडं वळवा, कपाळाकडं नको, आणि तोंडाला टेकवू नका, निम्म्याहून थोडं पुढं जाऊन थांबवा.

टाकणं आणि टिकणं

सपाट रंग आणि रेषांचं चित्र पीएनजी प्रकारच्या फाइलीत साठवा. जेपीजी पुन्हा पुन्हा पाठवली की अक्षरांभोवती मळकट ठिपके येतात. व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर चित्र दाबलं जात नाही. आपलं नाव चौकटीच्या आत, चित्राचा भाग वाटेल असं लिहा, उदाहरणार्थ दावणीच्या लाकडावर. कडेला लिहिलेलं नाव कापूनच लोक पुढं पाठवतात. कॉपीराइट भारतात चित्र काढताक्षणीच तुमचा असतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. पण रेषा, रंग, अक्षरं यांच्या वेगवेगळ्या थरांसकट (लेयर) मूळ फाइल जपून ठेवा, वाद झाला तर तीच कामी येते.

काही गोष्टींना हात लावू नका. एखादा प्राणी म्हणजे अमका समाज, असा अर्थ निघू शकेल अशी पट्टी काढू नका. गोठा कर्जाखाली आहे हे दाखवता येतं, कर्जापायी गेलेल्या माणसावर विनोद करता येत नाही. चारा छावणी, टँकर, ऊसतोडीला निघालेली बैलगाडी यावर जरूर लिहा, पण हसू टँकर न पाठवणाऱ्यावर आलं पाहिजे, घागर घेऊन उभ्या असलेल्यावर नाही.

पहिली पट्टी टाकण्याआधी आठ तयार हव्यात. आठवड्याला एक हा वेग झेपतो. सणाची पट्टी सणाच्या आदल्या संध्याकाळी टाका, सणादिवशी लोक शेतात नाहीतर पंगतीत असतात. पोळ्याची पट्टी खांदेमळणीच्या दिवशी जाऊ द्या. त्या संध्याकाळी बैलाला ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ म्हणतात. वर्षातून एकदा माणूसच बैलाशी बोलतो, आणि आण्णानं त्यावर काय उत्तर द्यावं हे जुलैतच लिहून ठेवा. लातूर-धाराशिवकडच्या वाचकांसाठी येळवस विसरू नका. मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला सगळं गाव भज्जी-आंबील घेऊन शेतात उतरतं. कुत्र्याचा तो वर्षातला सगळ्यात मोठा दिवस.