पूरग्रस्त गावाने अनुदानांची एकच नोंदवही ठेवावी

२०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ आणि करवीर तालुक्यांतील गावांना मदत वेगवेगळ्या वाटांनी मिळते, हे अनेकांनी अनुभवले: पडलेल्या घरासाठी आणि बुडालेल्या पिकासाठी राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांनुसार महसूल विभागाकडून, घर नव्याने बांधायचे तर घरकुल योजनेतून पंचायत समितीमार्फत, आणि पीक विम्याची भरपाई विमा कंपनीकडून. म्हणून पाणी ओसरताच ग्रामपंचायतीने कुटुंबनिहाय एक नोंदवही उघडावी आणि तीत नुकसान, पंचनाम्याची तारीख, अर्जाची पोच, मंजूर व जमा झालेली रक्कम लिहीत जावी. एकाच भिंतीसाठी दोन ठिकाणी मागणी गेली तर दोन्ही प्रकरणे अडकू शकतात. भिंत आणि पीक यांची मागणी मात्र स्वतंत्रपणे करता येते. पंचनाम्यापूर्वी पडझड उचलू नये; उचलावीच लागली तर आधी छायाचित्रे काढावीत. बँक खाते आधारशी जोडलेले आहे का, हे तर पावसाळ्यापूर्वीच तपासावे, कारण मंजूर रक्कमही त्यावाचून रखडते. कुळाने किंवा भाड्याने राहणाऱ्यांची नावे, जी सर्वांत आधी सुटतात, ती तलाठी आणि ग्रामसेवकांसमोर ग्रामसभेत वाचून घ्यावीत.