संदर्भसेवा शिकायचीय? मग आधी वाचकाला नीट विचारायला शिका

ग्रंथालयशास्त्राचा कोर्स झालेला असतो, वर्गीकरण, तालिकीकरण (पुस्तकांची नोंद-यादी करणं) सगळं पाठ असतं, आणि मग एक दिवस ग्रंथालयात संदर्भ विभागाच्या, म्हणजे वाचकाला हवी ती माहिती शोधून देण्याच्या टेबलावर बसवतात आणि पहिलाच वाचक येऊन विचारतो, "इतिहासाची पुस्तकं कुठंयत?" इथे आपण लगेच उठून कपाट दाखवतो आणि तिथेच गडबड होते, कारण वाचक बहुतेक वेळा त्याला हवंय ते विचारतच नाही, आपल्याकडे काय असेल याचा अंदाज बांधून विचारतो. याला इतिहासाची पुस्तकं नकोच असतात. त्याच्या रोह्याकडच्या गावातल्या शाळेला शंभर वर्षं होतायत, स्मरणिका काढायचीय आणि गावाबद्दल जुनं काही छापलेलं सापडतंय का ते बघायचंय. हे कळायला दोनच प्रश्न पुरतात, "नेमकं कशाबद्दल बघताय?" आणि "आत्तापर्यंत काही मिळालंय का?" दुसरा प्रश्न तर विसरूच नका, त्याने आधीच पाहिलेलं परत काढून द्यायला नको. "कशाला हवंय?" असं मात्र तोंडावर विचारू नका, चौकशी केल्यासारखं वाटतं आणि माणूस गप्प होतो. आजारपण, कोर्टकचेरी, घरातली भांडणं असं काही असेल तर आवाज खाली ठेवा, शेजारी पेपर वाचणाऱ्याला ऐकू जायची गरज नाही.

आता त्या रोह्याच्या माणसाला काय द्यायचं? गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याची सगळी माहिती देणारा सरकारी ग्रंथ. पण रायगड जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर शोधाल तर सापडणार नाही, कारण जिल्ह्याचं नाव 1981 पर्यंत कुलाबा होतं आणि मुंबई इलाख्याचा तो खंड कुलाबा आणि जंजिरा अशा नावाने 1883 साली निघालाय. सिंधुदुर्गाचं जुनं काही हवं असेल तर रत्नागिरीत बघायचं, जालना औरंगाबादमध्ये, लातूर उस्मानाबादमध्ये. मराठवाडा तर निजामाकडे होता आणि विदर्भ मध्यप्रांत-वऱ्हाडात, म्हणजे मुंबई इलाख्याचे खंड चाळत बसून उपयोगच नाही. ही जिल्ह्यांची जुनी-नवी नावं एका वहीत लिहून टेबलाच्या खणात ठेवा, मला विचाराल तर कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा ही वही जास्त कामाला येते.

पुढचं काम म्हणजे आपल्याच कपाटातले कोश ओळखणं. रोज थोडा वेळ एक कोश घेऊन बसा, नोंदी नाही, प्रस्तावना आणि सूची वाचा. केतकरांचा ज्ञानकोश 23 खंडांचा, पण त्यातले पहिले पाच प्रस्तावनाखंड आहेत, अकारविल्हे नोंदी सहाव्यापासून सुरू होतात, हे माहीत नसलं की माणूस पहिल्या खंडात 'अ' शोधत बसतो. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड 1976 चा आहे, त्यामुळे त्यातली लोकसंख्या, उत्पादन, देशांची नावं तशीच उचलून देऊ नका, वर्ष सांगून द्या. देवदैवतं, सणवार, व्रतं असतील तर महादेवशास्त्री जोशींचा भारतीय संस्कृतिकोश. जुन्या व्यक्तींसाठी चित्रावशास्त्रींचे चरित्रकोश. शब्दासाठी दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, हे दोन्ही आता बृहद्कोश नावाच्या साइटवर एकत्र शोधता येतात. आणि जुन्या पुस्तकाचा पत्ता लागत नसेल तर शंकर गणेश दात्यांची मराठी ग्रंथसूची, 1800 पासूनची पुस्तकं आहेत तिच्यात. अजून एक, क्ष आणि ज्ञ काही कोशांत सगळ्यात शेवटी असतात तर काहींत क आणि ज मध्येच, त्यामुळे "नाही सापडत" म्हणायच्या आधी दोन्हीकडे बघा.

तारखांचे प्रश्न खूप येतात, ते जरा सावकाश शिकून घ्या. समजा एक ताई आजीची पत्रिका घेऊन आल्या, त्यावर शके 1852, माघ शुद्ध पंचमी. शकात 78 मिळवले की 1930 येतात आणि बरेच जण तेच सांगून मोकळे होतात. पण शक चैत्रात सुरू होतो आणि माघ येईपर्यंत इंग्रजी वर्ष बदललेलं असतं, म्हणून इथे 79 मिळवायचे, वर्ष 1931. पौषात जानेवारी कधी लागतो ते वर्षागणिक बदलतं, त्यामुळे तिथे तर अंदाज करूच नका. आणि नेमकी तारीख डोक्याने काढायची नाही, जंत्री (तिथी आणि इंग्रजी तारखा शेजारी-शेजारी दिलेलं पुस्तक) किंवा त्या वर्षाचं पंचांग काढून वाचकासमोर ठेवायचं, त्यांना स्वतः बोट ठेवून बघू द्यायचं. त्याच वेळी हेही सांगा की हे घरच्या माहितीसाठी झालं, सरकारी कामाला पुरावा हवा असेल तर जन्मनोंद पालिकेत किंवा ग्रामपंचायतीत शोधावी लागेल.

उत्तर देताना कुठून दिलं ते सांगितल्याशिवाय देऊ नका. पुस्तकाचं नाव, आवृत्तीचं साल, पान नंबर, एवढं एका चिठ्ठीवर लिहून हातात द्या. गूगल, विकिपीडिया जरूर वापरा, सुरुवात करायला छानच आहेत, पण तिथे खाली कुठल्या पुस्तकाचा आधार दिलाय ते बघून ते पुस्तक काढा. कायद्याचं किंवा औषधाचं विचारलं तर कायद्याचं कलम, पुस्तकातलं पान दाखवायचं आणि थांबायचं, "तुमची केस जिंकाल" किंवा "ही गोळी चालेल" हे आपण बोलायचंच नाही, कितीही ओळखीचा माणूस असला तरी.

ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी 1931 साली ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली त्यातलं चौथं, वाचकाचा वेळ वाचवा, ते या टेबलाला सगळ्यात जास्त लागू पडतं असं मला मनापासून वाटतं. म्हणून एक रजिस्टर ठेवा. तारीख, प्रश्न, कुठे सापडलं, आणि सापडलं नसेल तर कुठे कुठे बघितलं. वाचकाचं नाव नाही लिहिलं तरी चालतं. स्पर्धा परीक्षावाली पोरं, स्मरणिकावाले, कुळाचा शोध घेणारे, प्रश्न फिरून फिरून तेच येतात आणि तुम्ही सुट्टीवर असाल तेव्हा त्या टेबलावर बसणाऱ्याला हे रजिस्टर लगेच उपयोगी पडतं.

आणि नाहीच सापडलं तर वाचकाला नुसतं "नाही आमच्याकडे" म्हणून पाठवू नका. जुनी मासिकं असतील तर मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय किंवा ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय, पेशवाईतले कागद असतील तर पुण्याचं पुराभिलेखागार, म्हणजे जुने सरकारी कागद जपणारं कार्यालय. तिथे आधी स्वतः फोन लावा, कागद बघायला परवानगी अर्ज लागतो का, ओळखपत्र कुठलं लागतं, सुट्टी कधी असते हे विचारून घ्या आणि त्याच चिठ्ठीच्या मागे लिहून द्या.