दुनळी बंदुकीचा लाकडी दस्ता : आधी माप, मग तेल

सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी जिल्ह्यांत शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठेवलेल्या बारा बोअरच्या दुनळी बंदुका अनेक घरांत आहेत आणि त्यांतल्या कित्येक आधीच्या पिढीकडून आलेल्या आहेत. अशा बंदुकीचा दस्ता काळवंडला की मालकाला पहिल्यांदा पॉलिश आठवते. परंतु दस्ता सध्याच्या मालकाच्या खांद्याला आणि गालाला बसतो की नाही हे आधी ठरवले पाहिजे. आकार बदलायचा असेल तर पॉलिशच्या आधीच बदलावा लागतो, आणि एकदा कानसून काढलेले लाकूड परत लावता येत नाही.

कायद्याची बाजू प्रथम स्पष्ट करतो. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय बंदुकीची दुरुस्ती करता येत नाही, त्यामुळे अख्खी बंदूक गावच्या सुताराकडे नेऊन ठेवणे चुकीचे आहे. परवानाधारक बंदूक कारागिराकडून दस्ता सोडवून घ्यावा, नळ्या आणि चाप-घोड्यांचा लोखंडी भाग परवान्याप्रमाणे सुरक्षित ठेवावा आणि केवळ लाकडावर काम करावे. जुन्या बंदुकांच्या स्क्रूंच्या खाचा अतिशय अरुंद असतात; साध्या पेचकसाने त्या फाटतात, हेही कारागिराकडे जाण्याचे एक कारण आहे. अर्थात, कशालाही हात लावण्यापूर्वी दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची डोळ्यांनी खात्री करावी.

दस्ता सोडवण्याआधी मापे घ्यावीत. पुढच्या चापापासून दस्त्याच्या तळाच्या मध्यापर्यंतची लांबी तयार बंदुकांत साधारण १४ ते १४.५ इंच असते. कोपर वाकवून त्यात दस्ता धरून पाहण्याची पद्धत सर्वत्र चालते, पण ती फसवी आहे, कारण मान, खांदा आणि छाती यांचा त्यात विचारच होत नाही. त्याऐवजी रिकामी बंदूक डोळे मिटून, सवयीप्रमाणे खांद्याला लावावी, गाल दस्त्यावर टेकवावा आणि मग डोळे उघडावेत. नाक आणि मुठीवरचा (दस्ता हाताने धरतो त्या भागावरचा) अंगठा यांच्यामध्ये दोन ते तीन बोटांचे अंतर राहिले तर लांबी ठीक आहे. डोळ्याला दोन नळ्यांमधल्या पट्टीचा फार मोठा भाग दिसत असेल तर गालाखालची कड उंच आहे आणि छर्रे वर जातील. टोकावरची माशी, म्हणजे नेम धरण्याची खूण, दिसतच नसेल तर कड खाली आहे.

ही कड खाली घेताना घाई करू नये. दुनळी बंदुकीला मागची माशी नसते. नेमबाजाचा डोळा हीच तिची मागची माशी असते. डोळ्यापासून टोकापर्यंतचे अंतर सुमारे ९० सेंटीमीटर धरले, तर कड ३ मिलिमीटर खाली गेल्यावर ३० मीटरवरचा मारा सुमारे १० सेंटीमीटर खाली सरकतो. म्हणून एका वेळी एक मिलिमीटरपेक्षा जास्त लाकूड काढू नये. अर्धगोल कानस तंतूंच्या दिशेने चालवावी आणि प्रत्येक टप्प्यानंतर बंदूक जोडून घेऊन खांद्याला लावून पाहावी. या जोडाजोडीला वेळ लागतो, पण त्याला पर्याय नाही.

लांबी कमी करायची असेल तर कापण्याच्या रेषेवर कागदी चिकटपट्टी गुंडाळावी, म्हणजे कडांचे कपचे उडत नाहीत, आणि बारीक दातांच्या करवतीने मूळ तळाचाच कोन राखून कापावे. काही बंदुकांत दस्त्याच्या आतून लांब बोल्ट गेलेला असतो. त्याची जागा आधी पाहून घ्यावी. कापलेला तुकडा जपून ठेवावा, कारण पुढे उंच वारसदाराला तोच पुन्हा जोडता येतो. मुठीजवळचे लाकूड मात्र बारीक करू नये. दणक्याचा सगळा ताण तिथून जातो आणि दस्ता मोडतो तो बहुधा तिथेच. दस्ता उजवीकडे किंवा डावीकडे वळवायचा असल्यास मुठीला गरम जवसाच्या तेलाने तापवून साच्यात हळूहळू वाकवावे लागते. हे काम अनुभवी कारागिराचेच आहे.

आकार पक्का झाल्यावर जुने पॉलिश पेंट रिमूव्हरने मऊ करून प्लास्टिकच्या पट्टीने खरवडावे. कॉस्टिक सोडा वापरू नये, त्याने अक्रोडाचे लाकूड काळे पडते आणि तंतू कमकुवत होतात. लोखंडाला चिकटणारा भाग अनेक वर्षांच्या तेलाने काळा झालेला असतो. तिथे खडूची बारीक पूड ॲसिटोनमध्ये कालवून थापावी, वाळल्यावर झाडावी आणि पूड पांढरी राहू लागेपर्यंत हे पुन्हा करावे. ॲसिटोन लगेच पेट घेते, म्हणून काम उघड्यावर आणि चुलीपासून लांब करावे.

लाकूड दबून पडलेल्या खोकांवर ओला सुती कपडा ठेवून गरम इस्त्रीचे टोक टेकवले की वाफेने तंतू फुगून वर येतात. तंतू तुटलेले असतील तर मात्र खोक वर येत नाही. त्यानंतर १८०, २४० आणि ३२० नंबरचा पॉलिश पेपर, नेहमी रबरी ठोकळ्यावर गुंडाळून, तंतूंच्या दिशेने चालवावा. लोखंडालगतच्या कडा अजिबात घासू नयेत; तिथे लाकूड लोखंडापेक्षा केसभर उंच असावे, खाली गेले की ते कायमचे दिसते. मुठीवरच्या चौकडीच्या नक्षीलाही पेपर लावू नये, ती दात घासण्याच्या जुन्या ब्रशने साफ करावी. शेवटी लाकूड ओल्या फडक्याने पुसून वाळू द्यावे आणि उभे राहिलेले तंतू ३२० च्या पेपरने हलकेच काढावेत. दोन-तीनदा असे केल्यावर पृष्ठभाग शांत होतो.

तेल जवसाचेच, उकळलेले, हार्डवेअरच्या दुकानात मिळते ते घ्यावे. खोबरेल किंवा करंजेल वाळत नाही, चिकट राहते आणि धूळ धरते. काजूच्या टरफलाचे तेल होड्यांना उत्तम असले तरी ते कातडी भाजते. गाल टेकणाऱ्या लाकडाला ते लावू नये. लालसर झाक हवी असेल तर जवसाच्या तेलात रतनजोतीची मुळी काही दिवस भिजवून ठेवावी. पहिला हात टर्पेंटाइन मिसळून पातळ द्यावा. पुढच्या हाताला तेल लावून ४०० नंबरच्या पाण्याच्या पेपरने घासावे, म्हणजे तयार होणारा लगदा लाकडाची छिद्रे भरतो. यानंतरचे हात थेंबाथेंबाचे असावेत. तळहाताने ऊब येईपर्यंत चोळावे, उरलेले सगळे पुसावे आणि पुरते वाळल्याशिवाय दुसरा हात देऊ नये. पावसाळ्यात हे तेल वाळता वाळत नाही, म्हणून दिवाळीनंतर काम सुरू करणे उत्तम. तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ते आपोआप तापून पेटतात. ते पाण्यात बुडवावेत किंवा उघड्यावर पसरून वाळवावेत.

दस्त्याचा कापलेला तळ आणि लोखंडाखाली जाणारे आतले लाकूड यांना तेल द्यायला बहुतेक जण विसरतात. कोकणातला दमटपणा शिरतो तो याच उघड्या तंतूंमधून, म्हणून तिथे दोन हात जास्तच द्यावेत. बंदूक जोडून झाल्यावर नळीच्या तोंडाखाली फडके ठेवून तिला काही दिवस उलटी उभी करावी, म्हणजे लोखंडावरचे जास्तीचे तेल नव्या लाकडात न उतरता खाली निथळून जाते.